पट्टा पूर्ण ओढून पाहा

"तू काही बोलू नकोस," लामारामावशी बसमध्येच म्हणाली,
"बॉनेट उघडलं की कपाळाला आठ्या घाल,
मधूनच एकदा च्च कर. बस."
मला गाड्यांतलं तेवढंच येत होतं.

रुस्तावीच्या माळावरचा वारा
पोलाद कारखान्याची धुराडी ओलांडून
थेट कॉलरमध्ये शिरतो.
रांगाच रांगा. अमेरिकेत आपटलेल्या,
पोतीच्या बंदरात उतरलेल्या,
ठोकून, रंगवून
पुन्हा बोहल्यावर उभ्या केलेल्या गाड्या.

मालखाझ आला सूर्यफुलाच्या बिया सोलत.
"काल्बातोनो, ही प्रियस एका डॉक्टरीणबाईंची.
रविवारी चर्चला जायची, तेवढीच."
"सहा हजार आठशे."
मावशीनं आकडा ऐकलाच नाही.
टायरला बोटाच्या पेरानं टकटक केलं,
जसं कलिंगडाला करतात.
"रंग मला आवडत नाही," म्हणाली.
तिला तोच रंग हवा होता.

मी आठ्या घातल्या.
इंजिन माझ्याकडे बघत राहिलं, मी इंजिनाकडे.
च्च.
"सहा पाचशे," मालखाझ म्हणाला,
आणि मला पहिल्यांदाच वाटलं
की आपल्या तोंडात काही किंमत आहे.

मग मावशी मागच्या सीटवर जाऊन बसली.
कोणी बसत नाही तिथे, घेताना.
सीटबेल्ट धरला आणि ओढायला लागली,
विहिरीतून दोर काढावा तसा,
हातावर हात, न थांबता,
पार शेवटापर्यंत.

वरचा पट्टा काळा.
खाली वीतभर तपकिरी.
मधे एक सरळ रेघ,
भिंतीवर मुलांची उंची मांडतात तशी.

कोणीच काही बोललं नाही.
मालखाझच्या ओठावर एक साल चिकटून राहिलं.
मागच्या काचेवर एका शाळेचं स्टिकर होतं,
लुईझियाना एवढंच वाचता येत होतं.
म्हणजे तिथल्या कुणाच्या अंगणात
एका रात्री पाणी सीटवर चढून बसलं होतं.
डॉक्टरीणबाईंच्या, किंवा कुणाच्याही.

आता ही भांडणार, मला वाटलं.
शिव्या घालणार, माणसं गोळा करणार.
मावशी शांतपणे उतरली, स्कर्ट झटकला.
"मुला, तेलावीच्या बाजारात तीस वर्षं
मी चीज विकलं. सुलगुनी.
खारवणीतून काढलं की निथळू द्यायचं असतं.
मी कधीच पुरतं निथळू दिलं नाही.
म्हणून सांगते.
पाणी विकायला हरकत नाही,
पण भाव पाण्याचा लाव."

मालखाझ हसला. मग थांबला. मग पुन्हा हसला,
या वेळी खरं.
पाच दोनशे. मावशी चार हजार.
वारा. एक माणूस बॅटरी घेऊन मधून गेला.
चार आठशे, आईशप्पथ.
"तुझी आई कुठली?"
"सिघनाघीची."
"मग तिनं माझ्याकडून घेतलंही असेल,"
मावशी म्हणाली, आणि एवढंच बोलून
गेटकडे चालू लागली.
मी मागोमाग. वळून बघायचं नाही,
हे मला सांगितलं नव्हतं, म्हणून मी बघितलं.
तो बिया खिशात टाकत होता.

चार हजार तीनशे,
दोन हिवाळी टायर,
आणि माझ्या मुठीत त्याच्या उरलेल्या बिया.

"बुडालेली गाडी कशाला घेतलीस?" मी रस्त्यात विचारलं.
"न बुडालेली आपल्याला परवडते का?"
तिनं हीटर लावला.
आधी धूळ आली, मग ऊब,
मग एक वास, गोड्या पाण्याचा, जुना,
कुठल्यातरी नदीचा, जिचं नाव आम्हाला माहीत नाही.
मावशीनं खिडकी बोटभर खाली केली.

माझा पट्टा आत जायला तयार नव्हता.
तिबिलिसीपर्यंत
मी तो मांडीवर गुंडाळून धरला.